नकाराची मुदत

साहेबांचं सगळं आयुष्य लिफ्ट तपासण्यात गेलं. नवी इमारत उभी राहिली की तिचा मालक हसत सामोरा यायचा, खुर्ची द्यायचा, ‘लिफ्ट एकदम मस्त चालू आहे, साहेब,’ म्हणायचा. साहेब म्हणायचे, “चालू आहे ते दिसतंय. थांबते का ते बघू.” मग ते पिंजऱ्यात लोखंडी वजनं भरायला लावायचे, पिंजरा हवा त्याहून जास्त वेगाने खाली सोडायचे आणि ब्रेक धरतो का ते बघायचे. मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. साहेबांचं म्हणणं एवढंच की ब्रेक बसवलाय याला काही अर्थ नाही, तो धरतो याला अर्थ आहे, आणि धरतो की नाही हे पिंजरा सोडून दिल्याशिवाय कळत नाही.

निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, सवय सुटली नाही. नवी छत्री आणली की ते आधी नळाखाली धरायचे. नवं गजराचं घड्याळ आणलं की भरदुपारी गजर लावून मुद्दाम झोपायचे. बायको होती तोवर तिने हे सगळं हसण्यावारी नेलं. सगळा मजला त्यांना साहेब म्हणायचा, तीही म्हणायची, फक्त तिच्या म्हणण्यात थोडी चेष्टा असायची.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. घराची विजेची, गॅसची, पाण्याची सगळी कामं ती फोनवरून करायची, आणि त्या सगळ्याचे पासवर्ड तिच्या फोनमध्ये होते. तिचा फोन उघडायचा आकडा मात्र तिच्या डोक्यात होता. साहेबांनी तो कधी विचारला नव्हता. ती गेली तेव्हा दुसऱ्या शहरातून निघालेली मुलगी फोनवर म्हणाली होती, ‘बाबा, आईच्या फोनला हात लावू नका, मी आल्यावर बघू.’ आता स्वस्थ बसतील तर ते साहेब कसले! ते टेबलाशी बसले आणि शिस्तीत एकेक तारीख टाकत गेले. लग्नाची, मुलीच्या जन्माची, घर घेतल्याची. चूक झाली की फोन थोडा वेळ थांबायला सांगायचा आणि साहेब इमानेइतबारे थांबायचे. शेवटी फोनने स्वतःला पुसून टाकलं. फोन चोरीला गेला तर असावी म्हणून ती सोय बायकोनेच कधीतरी चालू करून ठेवली होती. बॅकअप नव्हता, कारण ‘जागा संपली’ असं फोन रोज सांगायचा आणि ती रोज ‘नंतर’ दाबायची.

मुलगी घरात शिरली तेव्हा तिच्या आईचा फोन टेबलावर पडून, नवाकोरा होऊन, ‘आपली भाषा निवडा’ असं विचारत होता. फोटो गेले होते. स्वयंपाक करता करता आई स्वतःशीच गुणगुणायची आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवायची, तेही गेलं होतं. मुलगी एक शब्द बोलली नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिचा दर रविवारी फोन यायचा. गोळ्या घेता का? घेतो. गॅस आला का? आला. ठेवते. गॅस कंपनीची बाईसुद्धा याहून जास्त बोलते, असं साहेबांना वाटायचं. पण बोलून दाखवायची त्यांची टाप नव्हती.

अशाच एका रविवारी तिने गोळ्यांच्या पुढे जाऊन विचारलं, “बाबा, तुमचे पासवर्ड कुठे असतात?”

“डोक्यात.”

“आईचा आकडाही डोक्यातच होता.”

मुलगीच पुढे म्हणाली, “एखादा पासवर्ड मॅनेजर घ्या. सगळे पासवर्ड एका जागी, कुलपात. आणि तुमच्यानंतर मला ते उघडता येतील असं करून ठेवा. मला पुन्हा तसलं काही नकोय.”

मग फोन जावयाने घेतला. जावई मनाने सोन्यासारखा आणि स्वभावाने आळशी. जे समोर आहे ते उत्तमच असणार, अशी त्याची श्रद्धा. “बाबा, वेगळं काही घेऊ नका,” तो म्हणाला. “फोनमध्ये तो असतोच. आपला आपण पासवर्ड लक्षात ठेवतो, बोट टेकवलं की आपला आपण भरतो. बाहेरचं ॲप कशाला उगीच?”

साहेबांना काम मिळालं. वर्षभरात पहिल्यांदा ते सकाळी घाईने दाढी करून टेबलाशी बसले.

आधी त्यांनी फोनमधला मॅनेजर तपासायला घेतला. तो खरोखरच गुणी होता. पासवर्ड विचारायचा नाही, चुकायचा नाही, सुचवायचाही स्वतःच. त्यात खोट काढायची म्हणजे जावयात खोट काढण्याइतकं अवघड. पण साहेबांनी काढली. फोनचं एक मुख्य खातं होतं आणि सगळं त्या खात्याला टांगलेलं होतं. खातं बंद पडलं की फोन गेला, फोनबरोबर पासवर्ड गेले, आणि खातं परत उघडायचा पासवर्ड त्या पासवर्डांतच. पिंजरा, दोर आणि ब्रेक एकाच खुंटीला. अशी लिफ्ट साहेबांनी आयुष्यात पास केली नव्हती, आणि एकदा ती त्यांच्याच घरात कोसळलेली त्यांनी पाहिली होती.

“पण त्यात वारस नेमता येतो, बाबा,” जावयाने फोनवर बाजू लढवली. “तुमच्यानंतर तिला सगळं मिळेल.”

साहेबांनी ती सोय शोधली. सोय होती. वारसाने मृत्यूचा दाखला पाठवायचा, कंपनी तो तपासणार, मग कुलूप उघडणार. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणजे ही चाचणी एकदाच होणार आणि नेमका त्या वेळी निरीक्षक हजर नसणार.

“हे तपासता येत नाही,” त्यांनी जावयाला कळवलं.

“तपासायचं कशाला, बाबा? चालतं ते. कंपनी एवढी मोठी आहे.”

‘कंपनी मोठी आहे’ हे वाक्य साहेबांनी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं, की ते ऐकून त्यांचा विचार आणखी पक्का झाला.

मग त्यांनी बाहेरचं ॲप घेतलं. घरातल्या किल्ल्या परक्याच्या हातात देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण त्या ॲपने पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तुम्ही मुख्य पासवर्ड विसरलात तर आम्हीसुद्धा काही करू शकणार नाही. कुठल्याही कंपनीने इतकं सरळ काही लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना ती माणसं आवडली. आणखी खाली वारसाची सोय होती आणि तिथे दाखलाबिखला काही नव्हता. तुम्ही एक विश्वासाचा माणूस नेमायचा. वेळ आली की त्याने आत येण्याची विनंती पाठवायची. तुम्हाला निरोप येणार. ठरलेल्या मुदतीत तुम्ही ‘नकार’ दाबला तर कुलूप बंदच राहणार. नाही दाबला, तर मुदत संपताच उघडणार.

साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याने कोणी हे केलं त्याने लिफ्टचं काम केलेलं असणार, अशी त्यांची खात्री पटली. माणूस हलला नाही की आपोआप सुटणारी यंत्रणा. आणि मुख्य म्हणजे जिवंतपणी तपासता येणारी.

त्यांनी मुदत आठवड्याची ठेवली आणि मुलीला नेमलं. तिने कामाच्या गडबडीत ‘मान्य’ दाबलं. मग त्यांनी तिला फोन केला. एरवी ते आपणहून करायचे नाहीत.

“एकदा विनंती पाठवून बघ.”

“कशाला?”

“नकार चालतो का ते बघायचंय.”

तिने पाठवली. साहेबांच्या फोनवर निरोप आला, ‘आपल्या मुलीने आत येण्याची परवानगी मागितली आहे.’ साहेबांनी लगेच नकार दाबला. तिकडे तिला कळलं की वडिलांनी नकार दिला आहे. “चाललं,” साहेब आनंदाने म्हणाले. मुलगी म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. पोरीला आपण नुकतंच काय पाठवलं, हे साहेबांच्या ध्यानातही आलं नाही.

नकार चालला होता. आता दुसरी बाजू राहिली होती. नकार आलाच नाही तर कुलूप खरोखर उघडतं का? त्यांनी पुढच्या रविवारी तिला पुन्हा विनंती पाठवायला सांगितली. “अजून एकदा?” ती वैतागली, पण तिने पाठवली आणि कामाला लागली. मागच्यासारखा नकार येईल असं ती धरून चालली होती. साहेबांनी तिला या खेपेचा बेत सांगितला नाही. यात त्यांचा कावा नव्हता. ज्याची तपासणी आहे त्याला वेळ सांगायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठीही मोडला नव्हता. इथे तपासणी ॲपची आहे आणि मुलगी केवळ वाटेत उभी आहे, एवढा फरक त्यांच्या डोक्यात शिरला नाही.

त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. चाचणी चालू असताना यंत्रणेला हात लावायचा नाही. मग खालच्या मजल्यावर जाऊन शिवणवाल्या काकूंना सांगितलं, “आठवडाभर मी एका कामात आहे. कुणी माझ्याबद्दल काही विचारलं तर सांगायचं नाही.”

काकू दाताने दोरा तोडत म्हणाल्या, “काय सांगायचं नाही?”

“काहीच नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. या बाई दिल्या शब्दाला इतक्या पक्क्या, की कुणाच्या ब्लाऊजचं माप तिच्या नवऱ्यालाही सांगायच्या नाहीत.

पहिले दोन दिवस झकास गेले. साहेबांनी बाकीची कपाटं आवरली, खिडकीची कडी दुरुस्त केली, दूध आणि पाव आधीच भरून ठेवले होते ते पुरवून पुरवून खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की कुणी दाराची घंटा वाजवलेली नाही. इमारतीत लिफ्ट वरखाली होत होती, कुणाचं तरी दार आपटत होतं, जिन्यात कुणीतरी चावी हरवली म्हणून भांडत होतं. साहेब नाहीत, म्हणून कशाचंच काही अडलं नव्हतं. साहेबांना वाईट वाटलं. चाचणीत हे धरलेलंच असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दिवस पुढे सरकले तसं त्यांचं वाचनात लक्ष लागेना. ॲप उघडेल यात त्यांना आता शंका नव्हती. चांगलं काम त्यांना लांबूनच ओळखू यायचं. कुलूप उघडेल, मुलगी आत जाईल, विजेचा, गॅसचा, पेन्शनचा पासवर्ड उतरवून घेईल, बिलं भरेल, खाती बंद करेल. व्यवस्थित. काही राहणार नाही, काही पुसलं जाणार नाही. साहेब खुर्चीत बसून हे सगळं डोळ्यांपुढे आणत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना यंत्रणा फसण्याची नाही, ती नीट चालण्याची भीती वाटत होती.

तरी त्यांनी कपाट उघडलं नाही. हट्ट तो हट्ट.

शनिवारी सकाळी ते शेगडीपाशी उभे राहून दुधावर नजर ठेवून होते. दाराच्या कुलपात किल्ली फिरली. पावलं धावत आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. साहेबांनी मान वळवली नाही, कारण दूध वर येत होतं.

“अजून उद्यापर्यंत मुदत आहे,” ते म्हणाले.

त्यांनी वळून बघितलं. मुलगी चौकटीला धरून उभी होती. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला, रात्रभर बसमध्ये बसून तोंड सुजलेलं. दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

“तुम्ही जिवंत आहात,” ती म्हणाली.

“हो.”

“दूध तापवताय.”

“चहा करणार होतो.”

ती खाली बसली, तिथेच, फरशीवर. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. साहेबांनी गॅस बंद केला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना चोख ठाऊक होतं. घाबरू नका, बसून घ्या, मदत येतेय. यातलं एकही वाक्य इथे उपयोगाचं नव्हतं.

“बुधवारी मला त्या ॲपचा निरोप आला,” ती म्हणाली. “‘आपल्या वडिलांनी अजून नकार दिलेला नाही.’ तुमचा फोन बंद. पुन्हा बंद. शिवणवाल्या काकूंना फोन केला. बाबा बरे आहेत ना म्हटलं, तर म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. म्हटलं, काकू, म्हणजे काय? तर म्हणाल्या, त्यांच्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरलंय. कुणी ठरवलंय म्हटलं, तर म्हणाल्या, तेही नाही सांगणार. म्हटलं, निदान दार तरी वाजवून या. तर म्हणाल्या, आज वाजवलं तर उद्या सांगावं लागेल!”

“त्यांनी शब्द पाळला,” साहेब म्हणाले. आपण हे बोलायला नको होतं, हे त्यांना लगेच कळलं.

“काय चाललं होतं हे?”

साहेबांनी सांगितलं. नकाराची बाजू तपासून झाली होती, न-नकाराची राहिली होती. फोनमधल्या मॅनेजरला दाखला लागतो, म्हणून तो बाद केला. याला लागत नाही. पण मुदत पूर्ण होऊ द्यायला हवी. उद्यापर्यंत ती थांबली असती तर निकाल हातात आला असता. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला.

“निकाल आलाच नसता,” मुलगी म्हणाली. “मी विनंती मागे घेतली.”

“मागे? कधी?”

“परवाच. मला वाटलं, ते उघडलं तर त्याचा अर्थ तुम्ही गेलात. मला ते उघडायला नको होतं. बस मिळेपर्यंत मी दहादा बघितलं, नीट मागे घेतलंय ना, चुकून उघडणार नाही ना.” तिने ओढणीने नाक पुसलं. “मला तुमचे पासवर्ड नकोत हो. काय करू मी तुमच्या गॅसच्या पासवर्डाचं?”

साहेब तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

“तुझ्या आईचा फोन मी पुसला,” ते म्हणाले. “तू थांब म्हणाली होतीस. ती गेली होती आणि मला काहीतरी हातात हवं होतं करायला. तुझा राग बरोबर आहे.”

“राग होताच,” ती म्हणाली. “वर्षभर होता. बसमध्ये बसले तेव्हाही होता. रात्रभर मनात तुमच्याशी भांडत आले. आणि मधेच वाटलं की आता भांडायला कुणी नसेल, तर मी काय करायचं या सगळ्याचं? आईचं गाणं गेलं, बाबा. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पण तुम्ही दर रविवारी गोळ्या घेतल्या म्हणून सांगता ना, तेवढ्यानेच माझा आठवडा जायचा. तेवढं तरी बंद करू नका.”

“नाही करणार.”

“आणि ती आठवड्याची मुदत कशाला ठेवलीत?”

“मी जिवंत असताना तू आत शिरू नयेस म्हणून.”

“जिवंत असताना का नको?”

साहेबांनी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. ॲपने मुदत विचारली, त्यांनी दिली.

चहा मुलीनेच केला. तो पिता पिता तिला खुर्चीत झोप लागली, फोन हातातच राहिला. साहेबांनी कपाटातून आपला फोन काढला, चालू केला. कधीपासूनचे हुकलेले कॉल एकामागून एक दिसायला लागले तेव्हा त्यांनी घाईने आवाज बंद केला. मग ॲप उघडलं आणि मुदतीच्या पानावर गेले. महिना होता, पंधरवडा होता, आठवडा होता, दिवस होता. सगळ्यात खाली ‘लगेच’ होतं. साहेबांनी त्याच्यावर बोट टेकवलं. ॲपने विचारलं, ‘ही व्यक्ती तुम्हाला न विचारता केव्हाही आत येऊ शकेल. खात्री आहे?’

त्यांनी सवयीप्रमाणे ते वाक्य दोनदा वाचलं आणि ‘हो’ दाबलं.

आता नियमानुसार चाचणी घ्यायला हवी होती. त्यासाठी मुलीला उठवायचं, विनंती पाठवायला सांगायचं, कुलूप लगेच उघडतं का ते डोळ्यांनी बघायचं. साहेब तिच्या खुर्चीपाशी उभे राहिले, तिच्या खांद्याजवळ हात नेला आणि मागे घेतला. न तपासता त्यांनी आजवर काही पास केलं नव्हतं. हे केलं. मग ते आवाज न करता स्वयंपाकघरात गेले आणि सांडलेलं दूध पुसायला लागले.